बिनदाराची ढोली

हॉटेल चौकोनी बांधायचं नाही, एवढी एकच गोष्ट मी ठरवली होती. बाकी सगळं माझ्या हातून झालं, पण मी ठरवलं म्हणून झालं नाही.

सत्त्याहत्तर साल असेल. तुमसरहून आंबागडच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर, फाट्याच्या अलीकडे, माझ्या सासऱ्यांनी लेकीच्या नावाने जमिनीची एक पट्टी करून दिली. धानाला निरुपयोगी, मुरमाड, तिच्यात एक मोहाचं झाड. एसटी तिथे थांबायची, कारण ड्रायव्हरला त्या सावलीत तंबाखू मळायला आवडे. माझी बायको रुखमिणी ते बघून म्हणाली, "अठी मी आलुबोंड्याची कढई ठेवीन. चार कुडाच्या भिंती करा, वर टिनं टाका. झालं हॉटेल!"

आता मी पडलो ड्रॉइंग मास्तर. ज्याचा तास गणिताचे मास्तर न विचारता उचलून नेतात, त्या जातीचा प्राणी. बावीस वर्षं मी फळ्यावर कलश, कमळ आणि पोपट काढले, आणि बावीस वर्षं पुढच्या तासाला कोणीतरी ते पुसले. जगात माझ्या हातची एक तरी वस्तू उभी राहावी आणि तिच्यावर माझं नाव असावं, असं फार दिवसांपासून मनात होतं. बोललो मात्र नव्हतो. बोललो असतो तर रुखमिणी म्हणाली असती, "मंग शर्टावर काढून घ्या."

एका रविवारी दुपारी मी त्या मोहाखाली आडवा झालो. वारा नव्हता. बांधापलीकडून कोणीतरी बैलांना हाकत होतं, तो आवाज जवळही नव्हता आणि दूरही नव्हता. डोळे अर्धे मिटले आणि त्या रिकाम्या पट्टीवर मला एक ढोली उभी दिसली. आपल्याकडे धान ठेवायला असते तीच ती, बांबूच्या कमच्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, पोटात फुगीर, डोक्यावर गवताची टोपी. फक्त ही मोहाच्या शेंड्याला टेकली होती. तिच्या पोटात माणसं बसून चहा पीत होती आणि टोपी सरकलेल्या वरच्या तोंडातून उजेडाची एक भाकर खाली पडली होती. मी उठून बसलो तेव्हा ढोली नव्हती, पण माझं चित्त थाऱ्यावर येईना.

हे मी शेजारी सोमाजींना सांगितलं, ही पहिली चूक. सोमाजी म्हणजे रिटायर झालेले पटवारी. नोकरीत असताना त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, आता ते लोकांच्या अकला मोजत.

"गोल घर?" ते म्हणाले. "मास्तर, गोल घराले कोपरा नसते. कोपरा नसला त झाडू कुठी ठेवान? देव कुठी ठेवान? रुसलेला माणूस कुठी बसन?"

मी म्हटलं, "हॉटेलात कोण रुसून बसतं?"

"तुमीच बसान," सोमाजी म्हणाले. "मी वळखतो तुमाले."

पुढे ग्रामपंचायत. बांधकामाच्या अर्जावर दोन रकाने होते, लांबी आणि रुंदी. मी तिसरा आखून 'व्यास' असं सुबक अक्षरात लिहिलं. सचिवाने अर्ज परत सरकवला. व्यासाचा रकाना नसल्यामुळे व्यास मंजूर करता येणार नाही म्हणाला. मी त्याला वर्तुळ काढून दाखवलं, हातानेच, कंपासशिवाय. त्याने ते शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, हे ठीक हाये, पण याची लांबी किती?" तीन चकरा झाल्या. चौथ्या चकरेला त्याच्याच मनात काहीतरी दया उपजली आणि त्याने स्वतः लिहिलं: 'लांबी : गोल. रुंदी : तीच.' परवानगी मिळाली. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

गवंडी खुशाल चांगला कारागीर, पण त्याने जागेवर येऊन काटकोन बघायचा गुण्या काढला, हवेत इकडे लावला, तिकडे लावला आणि परत पिशवीत घातला. "ज्या कामाले गुण्या लागत नाई, त्या कामात मी हात घालत नाई जी," म्हणाला. शेवटी असं ठरलं की आतला सांगाडा बुरडाने विणायचा आणि खुशालने त्याच्यावर बाहेरून सिमेंटचा गिलावा मारायचा. म्हणजे चुकलं तर बुरडाचं आणि साधलं तर खुशालचं.

बुरड होता डोमा. पंचक्रोशीतल्या निम्म्या ढोल्या त्याच्या हातच्या. अठरा फूट उंच ढोली विणायची म्हटल्यावर त्याच्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला वाटलं, यालाही दुपारी झोपेत तेच दिसलं असणार. तो जमिनीवर मधोमध बसला आणि आपल्याभोवती विणू लागला. त्याचे भाऊ बाहेरून कमच्या देत, आणि डोमा आत, हळूहळू बुडत जाणाऱ्या माणसासारखा दिसेनासा होत गेला. मग नुसतं त्याचं गुणगुणणं ऐकू येई. शाळा सुटली की मी सायकल मारत जायचो आणि बाहेर बसून ते ऐकायचो. एसटीतले लोक खिडकीतून माना बाहेर काढत. सुख म्हणतात ते हेच, असं मला त्या महिन्यात वाटलं, आणि मी ते कबूल करायला लाजत नाही.

डोमा संध्याकाळी ढोलीच्या बुडाशी असलेल्या तोंडातून सरपटत बाहेर यायचा. हे तोंड म्हणजे धान काढायचं भोक. ते मी रोज बघत होतो, आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. गिलाव्याच्या दिवशी डोमा आतून कमच्या दाबून धरायला बसला, खुशालने बाहेरून थापायला घेतलं. दिवस कलता कलता ढोली गुळगुळीत, करडी, देखणी झाली. खुशालने हात धुतले. मी चारी बाजूंनी, म्हणजे एका गोल बाजूने, फिरून पाहिलं आणि विचारलं, "दार कुठे आहे?"

आतून डोमाचा आवाज आला, घुमत घुमत, "ढोलीले दार नसते जी, मास्तर."

"अरे, पण माणसं आत कशी जाणार?"

"ढोलीत मानसं कायले जातीन? दार ठेवलं त धान सांडते ना बाप्पा."

गिलाव्याने तोंडाचा काठ चार बोटं जाड झाला होता. डोमा महिनाभर रुखमिणीच्या आलुबोंड्यांवर होता, तोही चार बोटं जाड झाला होता. त्याने डोकं बाहेर काढलं, एक हात बाहेर काढला, आणि पुढचं काही निघेना. रस्त्यावर गर्दी जमली. सोमाजी चपला घालून लगबगीने आले. "मी बोललो होतो!" म्हणाले. ते याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. रुखमिणीने मात्र डोमाच्या बाहेर असलेल्या हातात चहाचा कप दिला.

शेवटी वरच्या तोंडातून विहिरीचा दोर सोडून त्याला काढला. बाहेर आल्या आल्या त्याने मला बजावलं की ढोली फाडायची नाही. ढोली फाडली की घरात वाटण्या होतात. मी हात जोडले, खुशालने छिन्नी दाखवली, कशाने ऐकेना. बऱ्याच वेळाने तो एवढ्यावर आला की दार पाडता येत नाही, पण तोंड मोठं करता येतं. किती मोठं? त्याने आपल्या कमरेच्या जरा वर हात ठेवला. साडेतीन फूट. त्याच्यावर गेलं की ते दार.

म्हणून माझ्या हॉटेलला तोंड आहे, दार नाही. तुमसरचा राइस मिलवाला असो की त्याच्या मिलमधला हमाल असो, आत जाताना वाकावंच लागतं. जो वाकत नाही त्याला ढोली स्वतःच समज देते.

तोंडाच्या वर मी तीन रविवार खर्चून सिमेंटची अक्षरं घडवली. दोन्ही बाजूंना कमळ आणि मधे 'चित्रकार केवळराम, १९७८'. खालच्या ओळीत हॉटेलचं नाव घालायचं राहून गेलं, हे रुखमिणीने दाखवून दिलं. मी म्हटलं, सुचलं की घालू.

उद्घाटनाच्या आठ दिवस आधी पुरवठा ऑफिसचं पत्र आलं. त्या वर्षांत धानाच्या साठ्यावर सरकारची बारीक नजर असे, आणि कोणत्यातरी साहेबाने जीपमधून जाताना अठरा फुटी ढोली पाहिली होती. 'सदर ढोलीत धानाचा साठा किती, ते कळवावे.' मला हसू आलं. मी ठळक, वळणदार अक्षरात लिहून पाठवलं की ही कलाकृती असून हिच्यात धानाचा एक दाणाही नाही आणि कधी असणारही नाही, हे मी शपथेवर सांगतो. शपथेची काही गरज नव्हती. पण अक्षर लागलं होतं चांगलं, म्हणून लिहीत गेलो.

उद्घाटनाला माणसं पुष्कळ आली. कढई तापली, बोंड्यांचा घमघमाट सुटला, आणि एक माणूस आत येईना. सगळे रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून ढोलीकडे पाहत राहिले. मी बाहेर येऊन या, या म्हणालो. जो तो दुसऱ्याकडे बघे. शेवटी चंद्रभागाबाई पुढे झाली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

"मास्तर, शिकल्यासवरल्याले समजू नये का?" ती म्हणाली. "नव्या ढोलीत पयले धान जाते, मंग हात जाते. रिकाम्या ढोलीच्या पोटात जाऊन बसाचं, म्हणजे का भूक होऊन बसाचं?"

तिने ओच्यातून ओंजळभर धान काढलं, वाकून आत गेली, जमिनीवर टाकलं, ढोलीला कुंकू लावलं आणि तिथेच मांडी घालून म्हणाली, "आता आना तुमचा बोंडा."

मग काय! बायका घराकडे पळाल्या. पुरुष गाड्यांवरची पोती सोडू लागले. जो येई तो ओंजळभर धान टाकून आत बसे. गावचे झाले, मग रस्त्याने जाणारे थांबले, एसटीतले उतरले. ज्यांच्याजवळ धान नव्हतं त्यांनी दुसऱ्याच्या ओंजळीला हात लावला. तासाभरात आत घोट्याएवढं धान झालं आणि त्याच्यावर माणसं बसली. नव्या धानाचा वास, वरून येणारा उजेड, आणि आवाज असे गोल फिरत की माणसं आपोआप हळू बोलायला लागली. मी मधोमध उभा होतो. झोपेत दिसलेलं जसंच्या तसं समोर होतं, आणि मला कोणाला तरी मिठी मारावीशी वाटत होती. जवळ सोमाजीच होते, म्हणून राहिलो.

नेमकी त्याच वेळी जीप थांबली.

पुरवठ्याचे इन्स्पेक्टर साहेब वाकले नाहीत. त्यांचं कपाळ चोळून झाल्यावर त्यांनी खिशातून माझं पत्र काढलं आणि घोट्याएवढ्या धानात उभं राहून मोठ्याने वाचलं. "एक दाणाही नाही आणि कधी असणारही नाही."

मी म्हणालो, "साहेब, ते... आज सकाळपर्यंत खरं होतं."

साहेब माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. नियम असा की विनापरवाना साठा सापडला तर धान जप्त, ज्या भांड्यात साठवलं ते भांडं मोडून टाकायचं, आणि मालक नोकरदार असेल तर त्याच्या खात्याला कळवायचं. माझ्या ढोलीला त्याने भांडं म्हटलं! मला नोकरीच्या आधी तेच लागलं. रुखमिणीला मात्र सगळं बरोबर लागलं. ती कढईजवळून उठून आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. तशी ती कधी उभी राहत नाही.

"धान कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

"एक ओंजळ माही," चंद्रभागाबाई म्हणाली.

"बाकीचं?"

"एक माही." "एक माही जी." "साहेब, अर्धी माही, अर्धी मेहुण्याची."

पंचनामा तिथेच सुरू झाला. प्रत्येक ओंजळीच्या मालकाचं नाव, बापाचं नाव, गाव, सही नाहीतर अंगठा. पहिल्या दिवशी चाळीसच नावं लिहून झाली. दुसऱ्या दिवशी बातमी पसरली की फाट्यावर सरकार नावं लिहून घेत आहे, आणि ज्यांनी धान टाकलं नव्हतं तेही ओंजळ घेऊन आले. आपलं नाव राहिलं तर कसं? साहेब 'आणखी टाकू नका' म्हणून ओरडायचे, तोवर माणूस ओंजळ रिकामी करून अंगठ्याला शाई लावून उभा असायचा. धान घोट्यावरून पोटरीला आलं. रुखमिणीला बोंडे तळून श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दहा वर्षं जाहिरात केली असती तरी हॉटेल असं चाललं नसतं. फक्त ते मोडायचं होतं.

साहेब आत बसूनच लिहीत. तिसऱ्या दिवसापासून ते न सांगता वाकू लागले. चौथ्या दिवशी दुपारी उजेडाची भाकर सरकत सरकत त्यांच्या कागदावर आली आणि त्यांनी पेन ठेवून दिलं. बराच वेळ ते वर बघत राहिले. "मास्तर," हळूच म्हणाले, "माझ्या मामाच्या घरी अशीच होती. लहानपणी आम्ही लपायचो." मग त्यांना डुलकी लागली. रांगेतली माणसं धानावरच खाली बसली. साहेबांना कोणी उठवलं नाही.

सहाव्या दिवशी सोमाजींनी आयुष्यातला पहिला उपयोगी शब्द काढला. "साहेब, मी जुना पटवारी. धान साऱ्या गावाचं. नावं साऱ्या गावाची. मंग ढोली एकट्याची कशी होईन? ढोली गावाची लिहा."

साहेबांनी चष्मा काढला. गावाच्या सामायिक ढोलीला तो नियम लागत नव्हता. जमीन रुखमिणीची राहील, ढोली गावाची होईल, आणि रुखमिणी राखणदार म्हणून तिथे कढई चालवील. कोणाचं काही मोडणार नाही. "फक्त," साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही ढोली माझी नाही, असं तुम्हाला लिहून द्यावं लागेल. आणि ते वरचं नाव चालणार नाही."

डोमा आला होता, खुशाल आला होता. मी बाहेर जाऊन मोहाच्या बुंध्याशी बसलो. रुसून बसलो असं म्हणा. सोमाजी चांगले अर्धा तास माझ्याकडे आले नाहीत, एवढी माणुसकी त्यांच्यात निघाली.

रुखमिणी आली. "मोडू द्या," ती म्हणाली. "मी टिनाखाली तळीन बोंडे. पण तुमच्या मनाले लागन असं काई लिहू नका."

तिच्या तोंडून हे ऐकल्यावर मला लिहायला बळ आलं. आत जाऊन मी लिहिलं: 'मी, केवळराम, व्यवसाय शिक्षक, लिहून देतो की सदर ढोलीशी माझा काहीही संबंध नाही. ती मी कल्पिली नाही, मी बांधली नाही, आणि तिच्यावर माझा कोणताही हक्क नाही.' साहेबांनी कागद उजेडात धरला.

"अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं," म्हणाले.

नाव काढायला खुशालचा हात धजेना. छिन्नी मीच घेतली. कमळं राहू द्यायला साहेबांनी परवानगी दिली, कारण कमळ कोणाचं नसतं. मधली जागा खुशालने गिलाव्याने भरली आणि ती इतकी सफाईने भरली की मला त्याचा रागच आला.

पुढे दर वर्षी सुगीला लोक ओंजळभर धान आणून टाकत, पावसाळ्यात ज्याच्या घरी संपलं असेल तो घेऊन जाई, आणि बारा महिने रुखमिणीची कढई चाले. एसटीने तिथे थांबा केला. ट्रकवाले एकमेकांना सांगत, ढोलीजवळ भेटू. लग्नाच्या पत्रिकेत 'ढोलीपासून पूर्वेस' असं छापून येऊ लागलं. मी रिटायर झालो आणि सकाळ-संध्याकाळ तिथे बाहेर बसू लागलो. कोणी नवीन माणूस कौतुकाने बघायला लागला की माझा घसा खाजवे. पण सही केलेली होती. आणि त्यातून मी कधी सांगितलंच, तर माणूस 'असं का?' म्हणून बोंडा सांगायचा.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात एक दिवस शाळेची सहल आली. चाळीस पोरं आणि सोबत एक तरुण ड्रॉइंग मास्तर. त्याने पोरांना ओळीत बसवलं, कागद वाटले आणि हात उंच करून सांगू लागला, "मुलांनो, नीट बघा. आंबागडचा किल्ला ज्या काळातला, त्याच काळातली ही ढोली. दोन-तीनशे वर्षं सहज झाली असतील. आणि बांधणाऱ्याने कुठे आपलं नावसुद्धा टाकलं नाही! त्या वेळची माणसंच तशी होती. आता असं कोण करतं?"

मी तोंडाशेजारी उभा होतो. तो माझ्याकडे वळला आणि अदबीने म्हणाला, "आजोबा, जरा बाजूला सरता का? मुलांच्या चित्रात येऊन राहिले तुम्ही."

कढईजवळून रुखमिणी ताडकन उठली. "अरे बाप्पा, हे ढोली त यायनंच..."

मी हात वर करून तिला थांबवलं आणि बाजूला सरलो. पोरं चित्र काढू लागली. चाळीस कागदांवर चाळीस ढोल्या उभ्या राहिल्या, एक डावीकडे कललेली, एक उजवीकडे, एकीचं पोट फुटायला आलेलं. मी पाठीमागून हळूहळू फिरून सगळ्या पाहिल्या. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

सहल गेल्यावर रुखमिणीने झारा आपटला. "काहून सांगू देल्लं नाई मले?"

मी म्हणालो, "अगं, तीनशे वर्षांची झाली ती. आठ वर्षांची आहे म्हणून सांगून बिचारीचं वय कायले कमी करू?"